चमकी काढनार नाय

दुर्पदाआक्कांनी त्या एसी दुकानात शिरल्यावर पहिली गोष्ट मागितली ती साबणाचं पाणी.

दुकान वाशीतलं. काचेच्या टेबलावर तीन मशिनं ओळीनं मांडलेली. झोपेत ज्यांचा श्वास अडकतो, अशा माणसांना नळीतून आणि मास्कमधून झोपभर हवा पुरवणारी मशिनं. टेबलामागे टाय लावलेले नाईक नावाचे गृहस्थ. त्यांनी आदबीनं विचारलं, "मॅडम, साधं आणू की थंड?"

"प्यायला नको रं. साबनाचं सांगितलं. वाटीभर. आनि दाढीचा ब्रश असला तं तो पन दे."

नाईकांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या पोस्टरकडे पाहिलं. पोस्टरवर एक गोरं जोडपं मास्क लावून झोपलं होतं आणि झोपेत हसत होतं. इतकं छान मी माझ्या लग्नाच्या फोटोतही हसलेलो नाही. या बाईंचा आणि माझा संबंध नाही असं भासवण्याची वेळ कधीच निघून गेली होती, कारण दारातूनच त्यांनी "ए सातारकर, चपला इथंच काढायच्या का?" असं अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारलं होतं.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी एका व्यापाऱ्याकडे क्लार्क होतो. ट्रेलर यायचे, माल उतरायचा, मी चलनं लिहायचो. रस्त्यापलीकडे, माझ्या खिडकीसमोरच, आक्कांचं टायरचं दुकान. मूळच्या शिरवण्याच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. सासरची भातशेती नव्या शहराखाली गेली, तेव्हा हाती राहिलेल्या तुकड्यावर नवऱ्यानं दुकान टाकलं. पण नवऱ्याला कॉम्प्रेसरचा आवाज सोसेना. ते घरी जाऊन भाजी-आमटीत रमले, आणि आक्का "तुमी या, मी बघते" म्हणून स्टुलावर बसल्या त्या पस्तीस वर्षं बसल्या.

नऊवारी लुगडं, त्यावर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट, आणि डाव्या नाकपुडीत लाल खड्याची चमकी. हात कोपरापर्यंत काळे. पण त्या चमकीला ग्रीसचं बोट लागलेलं मी कधी पाहिलं नाही. नाक खाजवायचं झालं तर त्या मनगटाच्या मागच्या बाजूनं खाजवत.

जगात त्या फक्त टायरचं ऐकत. टॉमी, म्हणजे टायर उचकटायची लोखंडी पहार, टायरवर एकदा ठोकायची, मान तिरकी करायची आणि सांगायचं, "आतून गेलाय, पॅच मारून फायदा नाय." ड्रायव्हर हुज्जत घालायला लागला की म्हणत, "हवा डोल्यानं दिसत नाय बाबा, कानानं दिसते." एकदा एका टायर कंपनीचा माणूस आकडे दाखवणारं नवं मीटर घेऊन आला. त्यानं मीटर लावलं, आक्कांनी कान लावला. दोघांत चार पौंडांचा फरक. आक्का म्हणाल्या, "मीटर बदलून आन." तो हसला. चार दिवसांनी खरंच बदलून घेऊन आला, तेव्हा हसत नव्हता.

आता माझं सांगतो. थोडक्यात सांगतो, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी अध्यक्ष म्हणून बसलो आणि बसल्या जागी झोपलो. झोपेत माझी मान खाली-वर होत होती. तो सभासदांनी होकार धरला आणि दोन ठराव मंजूर करून घेतले. त्यातला एक माझीच पार्किंगची जागा दुसऱ्याला देण्याचा होता. घोरणं बायकोनं बावीस वर्षं सोसलं होतं, पण पार्किंग गेलेलं तिला सोसलं नाही. तिनं मला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छातीला एक डबी आणि बोटाला एक चिमटा लावून घरी झोपायला लावलं, सकाळी अहवाल वाचला, आणि कोणतं मशीन, किती दाबाचं, हे कागदावर लिहून दिलं.

तो कागद मी खिशात ठेवला. शहाण्या माणसाप्रमाणे खारघरच्या एका गृहस्थाकडून जुनं मशीन उचललं. त्यांच्या थोरल्या भावाचं होतं. भाऊ सव्वाशे किलोंचे. मशीनमध्ये त्यांच्या मापाचा दाब भरलेला. मी म्हटलं, बरंच झालं, जास्त हवा म्हणजे जास्त झोप. शिवाय एक व्हिडिओ बघून, दोन बटणं एकदम दाबून, मी तो दाब आणखी दोन पायऱ्या चढवला.

सकाळी उठलो तो पोटाचा नगारा घेऊन. गिळलेली हवा दिवसभर बाहेर येत राहिली. फोन उचलून मी "हॅलो" म्हणायचो आणि पलीकडचा माणूस "जेवण झालं वाटतं साहेबांचं" म्हणायचा. दुपारी हवा खायला म्हणून, खरं तर ती सोडायला, मी रस्ता ओलांडून गेलो, तर आक्कांनी दुरूनच ऐकलं.

"पोटात काय कॉम्प्रेसर बसवलास काय रं?"

मी सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की जॅकला धरून खाली बसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "ट्रेलरची हवा स्कूटरला भरलीस. फुटला नायस हे नशीब. अरे, गाडी कुठली, टायर कुठला, लोड किती, हे इचारल्याबिगर मी सायकलला पन हात लावत नाय. आनि तू सोताच्या नाकाला लावलास?"

मी मान खाली घातली. ढेकर दिला.

"पन श्वास अडकतो म्हंजे कसा?" त्यांनी मध्येच विचारलं.

मी सांगितलं. झोपेत घसा आतल्या आत मिटतो. गुदमरून माणूस अर्धवट जागा होतो, पुन्हा झोपतो, पुन्हा मिटतो. सकाळी उठलं की दगड फोडून आल्यासारखं वाटतं आणि दिवसा बसल्या जागी डोळा लागतो. आक्का टायरचं ऐकतात तशी मान तिरकी करून माझं ऐकत राहिल्या. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. शेवटी हळूच म्हणाल्या, "ह्यो तं तू माजाच फोटो काढलास."

त्या असं का म्हणाल्या ते मला ठाऊक होतं. दोनच आठवड्यांपूर्वी भर दुपारी एका ट्रेलरच्या टायराला हवेची नळी लावून त्या स्टुलावर टेकल्या होत्या, आणि टेकल्या टेकल्या झोपल्या. ड्रायव्हर चहा पीत उभा होता. हवेचा सूर चढल्याचं त्याच्या कानावर आलं, त्यानं धावत जाऊन नळी उपसली, मीटर लावलं, आणि आकडा बघून तो चार पावलं मागे सरकला. तो टायर फुटला असता तर बाजूला बसलेल्या माणसाचं काय होतं ते लोखंड बाजारात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मंगेश, त्यांचा मुलगा, ऐरोलीला कंप्युटरच्या कंपनीत आहे. हळू बोलणारा, सरळ पोरगा. तो हापिस सोडून धावत आला. "आये, बस झालं," एवढंच म्हणाला. आणि हवेची नळी गुंडाळत, "फुटला असता तर मी काय गोळा करून न्यायचं होतं?"

मंगेशनं ती जागा एका कुरियरवाल्याला द्यायचं बोलणं लावलं. पुढचा महिना संपला की किल्ली द्यायची, असं ठरल्यात जमा होतं.

माझ्या ढेकरांनी मात्र सगळं फिरवलं. मी डॉक्टरांकडून मशीनचा दाब माझ्या मापाचा करून घेतला, आक्काही त्यांच्याकडेच गेल्या, तीच डबी छातीला बांधून झोपल्या. अहवालात आलं, तासाला एकेचाळीस वेळा श्वास अडकतो. मंगेश ते ऐकून डोकं धरून बसला. आक्का मात्र ताठ झाल्या.

"तासाला एकेचालीस येला मरून मी परत आलेय," त्या म्हणाल्या, "आनि वरनं दिवसभर टायर खोललेत. आनि तू मना म्हनतोस घरी बस?"

"आये, त्यासाठीच म्हणतोय."

"मना आजार हाय तं आजाराला धर. दुकानाला क्याला धरतोस? एक महिना दे. त्या मशिनीवर झोपते. महिनाभरात दुपारी एक येल जरी माजा डोला लागला, तं किल्ली तुज्या हातात, मी घरी तुज्या बापाशेजारी मेथी निवडीत बसते. नाय लागला, तं कुरियरवाल्याला सांग, आये जागी हाय."

"आणि बघणार कोण?"

"ह्यो सातारकर. समोरच बसतो खिडकीत. ह्यो साक्षीदार."

मंगेशनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "काका, तुम्ही स्वतः जागे असता का?"

प्रश्न रास्त होता. मी घड्याळात पाहिलं.

तर अशा बेतानं आम्ही वाशीच्या दुकानात होतो. मशीन निवडणं आक्कांनी दहा मिनिटांत संपवलं. जुनं मशीन घेण्याआधी मी याच कामात तीन आठवडे माहितीपत्रकं पाठ केली होती. कुठल्या मशीनचा पडदा रंगीत आहे, कुठलं उशाशी शोभून दिसेल, हे मला तोंडपाठ होतं. आक्कांनी पडदे बघितलेच नाहीत. तिन्ही मशिनं चालू करायला लावली, डोळे मिटले आणि एकेकाला कान लावला.

नाईकांनी सर्वांत मोठं पुढे सरकवलं. "मॅडम, हे टॉप मॉडेल. श्वास घेताना एक प्रेशर, सोडताना दुसरं."

"डागतरच्या कागदावर असं लिवलंय?"

"नाही, पण पुढे-मागे लागलं तर..."

"पुढं-मागं मी ट्रेलर पन घेईन. आज स्कूटर दाखव."

दुसरं मशीन एकाच ठरलेल्या दाबाचं होतं. तिसरं श्वासाप्रमाणे दाब आपणहून कमी-जास्त करणारं.

"ह्यो सोताच ठरवतो? कोनाला इचारून?"

"डॉक्टरांनी घालून दिलेल्या मर्यादेत, मॅडम. त्याच्या खाली नाही, वर नाही. तुमच्या कागदावर हेच लिहिलंय."

"म्हंजे लगाम डागतरच्या हातात. मंग ह्योच. आनि विकत नाय घेनार. महिनाभर भाड्यानं दे. टायर पन मी रस्त्यावर चालवून बघते." मग त्यांनी बाह्या सरसावल्या. "मशीन जाला. आता खरी गोष्ट. हवा घरात आली, पन खिडकी उघडी असली तं काय उपेग? मास्क आन."

आता साबणाच्या पाण्याचा उलगडा झाला. ट्यूब नसलेल्या टायराचं पंक्चर शोधायला साबणाचा फेस लावतात. हवा निसटते तिथं बुडबुडा येतो. आक्कांनी नाकावरचा मास्क चढवला, मशीन चालू करायला लावलं, माझ्या हातात ब्रश दिला आणि काठाकाठानं फेस लावायचा हुकूम केला. एसी दुकानात, त्या हसऱ्या जोडप्यासमोर, मी एका साठीच्या बाईंच्या चेहऱ्याला दाढीसारखा फेस लावला. उजवा गाल कोरडा ठणठणीत. कपाळाकडे काही नाही. डाव्या नाकपुडीशी मात्र एक बुडबुडा आला, फुगला, द्राक्षाएवढा झाला आणि टपकन फुटला. मग दुसरा.

नाईक आता खरोखर वाकून बघत होते. "चमकीमुळे आहे, मॅडम. तिथं मास्क टेकत नाहीये. ती काढावी लागेल."

"चमकी काढनार नाय."

"नाही, म्हणजे फक्त झोपताना..."

"दादा, एखाद्याची रिम वाकडी असली तं मी त्याला गाडी बदल म्हनून सांगत नाय. त्याच्या रिमला बसंल असा टायर शोधते. तू पन शोध."

नाईकांनी नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क दिला. मशीन आणि मास्क घेऊन आम्ही रिक्षात बसलो. सानपाडा मागे पडल्यावर आक्का आपण होऊन बोलल्या. "नऊ वरसांची होते. आयेनं मांडीत धरला, सोनारानं टोचला. शिरवण्याला. त्या जागेवर आता ब्यांक हाय. आमचा तलाव होता, त्याचा बाग जाला. शेताचा सेक्टर जाला. माजा नाव दुर्पदा, कार्डावर द्रौपदी करून ठेवलाय. त्या येलचं माज्याकडं येवढंच उरलंय. तेबी नाकात हाय म्हनून उरलंय. बाहेर असता तं तेबी कोनी नेला असता." आणि मग नेरूळपर्यंत त्या रिक्षावाल्याच्या मागच्या टायरात हवा कमी आहे, हे त्याला पटवत होत्या.

पहिला आठवडा वाईट गेला. मशीनची रोजची नोंद फोनवर येई, आणि फोन मंगेशचा. रोज सकाळी तो दुकानावरून जाताना सांगायचा, "आये, काल तीनच तास. लीक लाल दाखवतंय."

"माजी झोप तुज्या फोनवर क्याला?"

"तूच म्हणालीस ना महिना दे."

मोठा मास्क गालांवरून हवा सोडत होता, कारण आक्कांच्या दाढा गेलेल्या, गाल आत. "ह्यो काय मास्क? घोड्याला तोबरा बांधतात तसा," त्या म्हणत. पण रोज बांधत. दिवसा झोप अंगावर यायची, तेव्हा त्यांनी एक उपाय केला. स्टूल उचललं आणि माझ्या हापिसात आणून ठेवलं. "महिनाभर तुज्याकडं ठेव. मी बसनारच नाय." आणि खरंच बसल्या नाहीत. जेवणसुद्धा उभ्यानं. डोळे जड झाले की हिरवी मिरची कचकन चावायच्या आणि पान्हा उचलायच्या. मी खिडकीतून बघायचो आणि माझेच पाय दुखायचे.

मंगेशलाही ते बघवेना. एके सकाळी तो जवळजवळ विनवण्यावर आला. "आये, लहान मास्क चांगला बसेल तुला. एक चमकी काढ ना. सकाळी पुन्हा घाल. तुझ्या दुकानासाठीच सांगतोय."

आक्कांनी हातातलं काम थांबवलं. "मंगेश, दुकान पायजे म्हनून चमकी काढायची. उद्या दुसरा काय पायजे म्हनून दुसरा काय काढायचा. असा एकेक काढत गेला की बाकी काय ऱ्हातं, सांग? मशीन मानसासाठी हाय. त्याला बसू दे माज्या तोंडावर. मी नाय बसनार त्याच्या मापात."

त्यांचंही सगळं बरोबरच असायचं असं नाही. मशीनला मागे एक छोटी जाळी असते, धूळ अडवायला. ती आठवड्याला साफ करा, असं नाईकांनी सांगितलं होतं. आक्कांनी ती कॉम्प्रेसरच्या नळीनं साफ केली. ट्रेलरचे टायर फुगवणारी हवा त्या बोटभर स्पंजवर सोडल्यावर स्पंजाचं जे झालं ते आम्ही दोघांनी दुकानभर शोधलं. आक्कांनी लगेच नाईकांना फोन लावला. "चूक माजी. दुसरी दे. पन इतकी नाजूक हाय हे आधी सांगायचंस."

दुसरी चूक दोघांची मिळून. माझ्या मास्कचा पट्टा सैल झाला होता. आक्का म्हणाल्या, पट्टा कशाला विकत घेतोस, आणि जुन्या ट्यूबची एक लांब पट्टी कापून मास्कला बसवून दिली. पकड अशी की विचारू नका. सकाळी घाईत तोंड न बघता मी हापिसात आलो. दोन्ही गालांवर कानापर्यंत गेलेल्या रुंद काळ्या रेघा होत्या. त्या घेऊन मी अकरा वाजेपर्यंत तीन पार्ट्यांशी गंभीरपणे बोललो. मालकांनी शेवटी विचारलं, "घरी सगळं ठीक ना?"

तिसऱ्या आठवड्यात नाईक स्वतः कळंबोलीला आले. टाय सुटलेला, हातात खोका. आता ती चमकी त्यांच्या इभ्रतीचा प्रश्न झाली होती. खोक्यातून त्यांनी एक छोटासा मास्क काढला. तो नाकावर बसतच नव्हता. नाकाच्या खाली, ओठांवर, मिशीच्या जागी टेकायचा, आणि हवा खालून नाकपुड्यांत जायची. नळी डोक्यावरून मागे. नाकपुडीची कड मोकळी. चमकी मोकळी.

यावेळी फेस नाईकांनी लावला. आजूबाजूचे चार ड्रायव्हर गोळा झाले होते. सगळे वाकून आक्कांच्या नाकाकडे बघत होते. फेस जिथं लावला तिथं तसाच राहिला. एक बुडबुडा नाही.

"ओके हाय," आक्का म्हणाल्या. चांगल्या टायरालाही त्या एवढंच म्हणत. तोंड उघडं पडू नये म्हणून हनुवटीला बांधायची पट्टी त्यांनी जुन्या लुगड्याची शिवली. यावेळी ट्यूबचा विषय कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या सकाळीच रस्ता ओलांडून माझ्या टेबलाशी आल्या. केसांवर पट्ट्याची खूण तशीच. "सातारकर, मना स्वप्न पडला."

"कसलं?"

"टायरचाच. पन नवा कोरा होता." आणि हसत गेल्या. कितीतरी वर्षांत पडलेलं पहिलं स्वप्न. त्यानंतर मंगेशच्या फोनवर सात तास येऊ लागले, लाल रंग गेला, आणि मिरच्या संपल्या. उभं राहणं मात्र त्यांनी सोडलं नाही. महिना म्हणजे महिना.

शेवटचा दिवस. मंगेश दुपारी येणार होता. आक्कांनी निरोप धाडला, "स्टूल घेऊन ये, आनि तुज्यासाठी पन एक आन. साक्षीदार जवल पायजे." मी दोन स्टुलं घेऊन गेलो. आम्ही शेजारी शेजारी बसलो. कऱ्हाडच्या एका ड्रायव्हरचा ट्रेलर लागलेला होता. तो स्वतःच नळी धरून मागच्या टायरात हवा भरत होता.

आता खरं सांगायचं तर पुढचा प्रसंग मी पाहिलेला नाही. मी झोपलो होतो.

चार दिवस आमच्याकडे सासुरवाडीची मंडळी उतरली होती. त्यांच्यासमोर तोंडाला नळी लावून झोपायची मला लाज वाटली म्हणून मशीन कपाटात होतं. हवेचा एकसुरी आवाज, दुपारचं ऊन, आणि साक्षीदार भिंतीला टेकून घोरायला लागला. पुढचं सगळं मला त्या कऱ्हाडच्या ड्रायव्हरनं सांगितलं.

मंगेश आला तेव्हा दोन स्टुलांवर दोन माणसं होती, दोघांचे डोळे मिटलेले, आणि घोरण्याचा आवाज येत होता. तो जागीच थांबला. ड्रायव्हर म्हणतो, पोराच्या तोंडावर जिंकल्याचा आनंद अजिबात नव्हता, उलट रडवेला झाला होता. त्यानं ड्रायव्हरला बोट ओठांवर ठेवून खूण केली, उठवू नका म्हणून. आणि हळूच म्हणाला, "झोपली आये."

"एकशेदहा," आक्का डोळे न उघडता म्हणाल्या. "बस कर रं. नली काढ."

ड्रायव्हरनं नळी काढून मीटर लावलं. मंगेशनं वाकून पाहिलं. एकशेदहा पौंड.

"मी ऐकत होते," आक्का डोळे उघडून म्हणाल्या. "घोरतोय तो साक्षीदार. त्याला उठव, त्याच्यामुले मना हवा नीट ऐकू येईना."

मला जाग आली ती मंगेशच्या हसण्यानं. तो आईच्या पायाशी जमिनीवर बसला होता, हापिसच्या पॅंटीला काळं लागायची पर्वा न करता, आणि कुरियरवाल्याचा नंबर शोधत होता. मी घाईघाईनं म्हणालो, "मी साक्षीदार आहे, आक्का महिनाभर एकदाही झोपल्या नाहीत."

"तू गप," आक्का म्हणाल्या. "पावने आले म्हनून मशीन लपवलास ना? लाज बांधतोस तोंडाला, मास्क नाय. घरी जाऊन काढ ते कपाटातून. आनि माज्यासारखा लाव, सगल्यांसमोर."

मी त्याच दिवशी काढलं. सासऱ्यांनी विचारलं, हे काय. मी म्हटलं, हवा भरतोय. त्यांना ते पटलं.

पुढे आमचं हापिस तळोज्याला गेलं आणि माझी खिडकी सुटली. त्यानंतर आक्कांना मी एकदाच पाहिलं, बसमधून, दुपारी दोनच्या सुमाराला. बस सिग्नलला थांबली म्हणून नीट दिसलं.

दुकानाच्या दारात, सावलीत, बाज टाकलेली. बाजेवर आक्का उताण्या झोपलेल्या, खाकी शर्टावर हात जुळवून, ओठांवर तो छोटा मास्क, डोक्यावरून मागे गेलेली नळी, आणि उशाशी मशीन ट्रकच्या बॅटरीला जोडलेलं. बाजेच्या पायाला एक जुनी ट्यूब आणि तिला अडकवलेली पाटी. खडूनं लिहिलेली, अक्षर मंगेशचं, शब्द त्यांचे: 'मी झोपलेय. चार वाजता या.'

पाटीसमोर चार ट्रेलर एकामागे एक उभे होते. कळंबोलीत ट्रेलर उभा असला तरी इंजिन गुरगुरत असतं. ड्रायव्हरांना ते बंद करायची सवयच नाही. त्या चारही ट्रेलरांची इंजिनं बंद होती. पहिल्या ट्रेलरचा ड्रायव्हर पायरीवर बसून बिस्किट खात होता, तेही पुड्याचा आवाज होणार नाही अशा बेतानं. आमच्या बसवाल्यानं सवयीनं हॉर्नवर हात ठेवला, तर त्या चौघांनी एकदम मान वळवून त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं हात काढून घेतला.

सिग्नल सुटला. आक्कांची छाती सावकाश वर जात होती, सावकाश खाली येत होती, मध्ये कुठेही न अडकता. आणि नाकपुडीवर, उघड्यावर, ती लाल चमकी.